आजीची जन्मतारीख

आमच्या आजीला जन्मतारीख नाही. आधार कार्डावर एक आहे. पण ती कार्ड काढणाऱ्या मुलाने घातलेली. "आजी, जन्म कधीचा?" असे त्याने विचारले तेव्हा आजीने प्रामाणिकपणे सांगितले, "पाऊस पडत हुता म्हणं." तेवढ्यावर संगणकाचे समाधान होईना. शेवटी त्या मुलाने अंदाजाने एक साल धरले आणि १ जानेवारी ही तारीख ठोकून दिली. अशा रीतीने पावसात जन्मलेली आमची आजी कागदोपत्री ऐन थंडीत जन्माला आली.

आजीची ह्याबद्दल काही तक्रार नव्हती. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ सालापासून एसटीचा प्रवास फुकट झाला आहे. कंडक्टरपुढे कार्ड धरले की काम भागते. त्यावर पौष आहे की आषाढ हे तो पाहत बसत नाही. तक्रार होती ती माझ्या मुलीची. ती चौथीत आहे आणि घरातल्या प्रत्येकाच्या वाढदिवसाची वही तिच्याकडे असते. त्या वहीत मोठ्या आजीचे पान कोरे होते. १ जानेवारीला केक कापायला आजीने साफ नकार दिला.

"त्यो माजा दिस न्हाई," आजी म्हणाली.

"मग तुझा कुठला?"

"मास्तरानं लिवला असंल की. शाळंत."

"तू शाळेत गेली होतीस?"

"गेल्ती. दुसरीपतूर. मग सोडली. मला न्हाई आवडायची शाळा."

हे शेवटचे वाक्य आम्हा सर्वांच्या पाठचे. माझ्या वडिलांनी लहानपणी शाळा चुकवली, तेव्हा त्यांना फोडून काढतानासुद्धा आजी ते म्हणाली होती. "मला न्हाई आवडायची, पर तुला आवडलीच पायजे!" आजीला वाचता येते, पण अगदी थोडे. "मला यष्टीच्या पाटीपुरतं येतं," असे ती म्हणते, आणि आम्हीही ते तसेच धरून चाललो होतो. एकूण आजीचे लहानपण म्हणजे आमच्या घरातली करमणूक होती. एका लुगड्याची गोष्ट, उंदराने पळवलेल्या कानवल्याची गोष्ट, हुलग्याच्या माडग्याची गोष्ट. दिवाळीचा फराळ पुढ्यात घेऊन आम्ही त्या ऐकायचो आणि पोट धरून हसायचो. सांगणारीच हसत असल्यावर ऐकणाऱ्याने का रडावे?

तर ह्या जन्मतारखेच्या शोधात, दसरा होऊन दिवाळीला पंधरा-वीस दिवस असताना, एका शुक्रवारी पहाटे आम्ही तिघे साताऱ्याहून निघालो. आजी, मी आणि माझी मुलगी. आजीने सोबत भाकऱ्या, खर्डा आणि पाण्याची कळशी घेतली होती. वाटेत हॉटेले आहेत, बाटलीत पाणी मिळते, हे तिला दहा वेळा सांगून झाले होते. "आसू दे," एवढेच ती म्हणाली.

आजीचे माहेर आटपाडीच्या बाजूला, तिथून दोन-तीन कोसांवर. ते कुठे आहे ह्याचे उत्तर मात्र काळाप्रमाणे बदलत गेले आहे. आजी जन्मली तेव्हा गाव औंध संस्थानात होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि गाव दक्षिण साताऱ्यात गेले. १९६० साली दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली जिल्हा झाले. गाव जागचे हलले नाही, पत्ता मात्र तीनदा बदलला. मी गाडीत हे सारे मुलीला समजावून सांगत होतो, तेव्हा मागच्या बाकावरून आजी म्हणाली, "राजा गेला, जिल्हा बदलला. डोईवरचा हंडा काय खाली उतरला न्हाई."

साताऱ्याहून पंढरपूरच्या रस्त्याला लागले की माहुलीला कृष्णा ओलांडावी लागते. आजीने हात जोडले आणि मुलीकडून एक रुपया पाण्यात टाकवला. कोरेगावपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस आणि आले. मग वर्धनगडाचा घाट. ह्या घाटात एक जादू आहे. चढताना तुम्ही एका मुलखात असता आणि उतरता दुसऱ्याच मुलखात. हिरवे रंग मागे राहतात, माळ सुरू होतात, झाडे बसकी होतात आणि आभाळ एकाएकी फार मोठे दिसू लागते. महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आणि त्याच डोंगराच्या पूर्वेला, दीडशे किलोमीटरांच्या आत, माण-आटपाडीच्या भागात पाचशे मिलिमीटरही धड पडत नाही. डोंगर ढगांचे दूध पिळून घेतो आणि पुढे पाठवतो ती नुसती कास.

पुसेगाव मागे पडले, दहिवडी गेली, गोंदवले आले. म्हसवडच्या अलीकडे एका ढाब्यावर मोठी पाटी होती, 'चुलीवरची भाकरी, अस्सल गावरान चव'. मुलीने ती मोठ्याने वाचली.

"तवा चूल हुती," आजी म्हणाली. "भाकरी न्हवती."

आम्ही हसलो. आजीही हसली. पण का कोण जाणे, ह्या वेळी ते हसू नेहमीइतके लांबले नाही.

हा माणदेश. ग. दि. माडगूळकर आणि व्यंकटेश माडगूळकर हे बंधू ह्याच भागातले, शंकरराव खरात आटपाडीचे. ह्या मातीने धान्य हात राखून दिले, पण मराठीला लेखक मोठ्या मनाने दिले. त्यांची पुस्तके वाचून आम्हा शहरी लोकांना इथल्या गरिबीचा एक लळाच लागलेला असतो. तिच्यात जिद्द असते, विनोद असतो, माणुसकी असते. ते सारे खरे. पण पुस्तक मिटले की आपल्याला भूक लागते आणि स्वयंपाकघरात काहीतरी असते. हा फरक लेखकांनी लपवलेला नाही, आम्हीच तो विसरतो.

शाळा सापडायला वेळ लागला नाही. नवी इमारत, भिंतीवर गणिताची कोष्टके, आवारात हातपंप. मुख्याध्यापिका चाळिशीच्या आतबाहेरच्या होत्या. आम्ही कशासाठी आलो हे सांगताच त्यांनी आजीला स्वतःच्या खुर्चीवर बसवले. "आजी, तुम्ही आमच्या शाळेच्या सर्वांत जुन्या विद्यार्थिनी," असे त्या म्हणाल्या, तेव्हा आजीने पदर सावरला.

"नमस्कार घालाय लावायचे," आजी त्यांना सांगू लागली. "रोज. राजाचा हुकूम हुता." औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते. संस्थानातल्या शाळांत त्यांनी तो नेम घालून दिला होता. राजाही वेगळाच. १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने, त्याने आपल्या संस्थानाचा कारभार लोकांच्या हाती देणारी राज्यघटना केली. आजीला घटना ठाऊक नाही, नमस्कार ठाऊक आहेत. "पोटात काय नसलं की वाकल्यावर डोळ्यापुढं काजवं यायचं," ती म्हणाली. "पर राजाला काय सांगायचं!"

बाईंनी लोखंडी कपाटातून जुनी जनरल रजिस्टरे काढली. कापडी बांधणी, कडा उंदराने कुरतडलेल्या, शाई तपकिरी पडलेली. अर्धा तास पाने उलटल्यावर आजीचे माहेरचे नाव सापडले. मुलगी वही आणि पेन सरसावून उभीच होती.

"१ जून १९३६!" तिने आनंदाने ओरडून सांगितले.

बाई मात्र हसल्या. त्यांनी बोट वरच्या ओळीवर नेले. १ जून. त्याच्या वर, १ जून. पानभर बहुतेक सगळी मुले १ जूनलाच जन्मलेली! "त्या काळचे गुरुजी तरी काय करणार?" बाई म्हणाल्या. "आईबापांना तारीख माहीत नसायची. मूल डाव्या हाताने उजवा कान धरू शकले की सहा वर्षांचे झाले, असे समजायचे आणि १ जून लिहायचे. अजूनही आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचे वाढदिवस त्याच दिवशी असतात."

मुलीचे तोंड एवढेसे झाले. इतक्यात आजीने रजिस्टर आपल्याकडे ओढले, चष्मा वर केला आणि आपल्या नावावर बोट ठेवून ती ओळ वाचू लागली. हळूहळू, अक्षर अक्षर लावून. पण कुणाच्या मदतीशिवाय. नाव, बापाचे नाव, गाव, इयत्ता. मी बघतच राहिलो. हे काही एसटीच्या पाटीपुरते वाचणे नव्हते. बोट सरकत सरकत शेवटच्या रकान्याशी आले. शाळा सोडल्याचे कारण. आजी थांबली. मग मुलीनेच ते वाचले.

"जगावयास गेली."

खोलीत कोणी काही बोलले नाही. मुलीने माझ्याकडे पाहिले. "बाबा, जगायला गेली म्हणजे? आधी ती जगत नव्हती का?"

ह्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे नीट देता आले नाही, म्हणून इथे देतो. 'जगायला जाणे' हा ह्या दुष्काळी पट्ट्यातला रुळलेला शब्द आहे. पाऊस गेला, विहिरी आटल्या, कणगी रिकामी झाली की घराला कडी घालायची, पोरेबाळे आणि गुरे घ्यायची आणि जिथे पाणी आहे, काम आहे अशा मुलखात उतरायचे. पुढला पाऊस पडला की परत यायचे. त्याला कुणी स्थलांतर म्हणत नसे, दुःखही म्हणत नसे. जगायला गेलो, एवढेच. ही वाट पुढे आणखी लांब झाली. साताऱ्याकडची माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि पलटणीत गेली. माझे आजोबा गिरणीतच होते, १९८२ च्या संपाने घरी आले. विटा-आटपाडीकडची माणसे गलाईच्या धंद्यात शिरली आणि सोने-चांदी गाळण्याची दुकाने टाकत केरळपासून पंजाबपर्यंत पसरली. परमुलखात इतरांचे सोने शुद्ध करायचे आणि सणाला गावी यायचे. तेही जगायला जाणेच.

बाईंनी त्या पानाची नक्कल काढून दिली. आजीने ती चार घड्या करून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि गाडीत बसता बसता म्हणाली, "आता आलोच हाय तर त्याच वाटंनं चला."

"कुठल्या?"

"जगायला गेलो त्या."

गावाबाहेर पडलो तो रस्त्याला आडवा एक कालवा लागला, पाण्याने भरलेला. दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा. मी गाडी थांबवली. हे टेंभू योजनेचे पाणी. कराड तालुक्यात टेंभू गावाजवळ कृष्णेचे पाणी अडवून ते पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवले आहे आणि कडेगाव, खानापूर, तासगाव, आटपाडी अशा दुष्काळी मुलखात आणून सोडले आहे. १९९६ साली योजना मंजूर झाली, मग वर्षामागून वर्षे गेली, कालवे कोरडे पडून राहिले, मोर्चे निघाले, आणि मग पाणी आले. अजून सगळ्या शिवारांना ते मिळालेले नाही. पण इथे ते वाहत होते.

"हे किस्नेचं पाणी?" आजीने तीनदा विचारले. मग ती काठावर बसली आणि हात बुडवून बसूनच राहिली. "आमी चार दिस चालत तिच्याकडं गेलो," ती म्हणाली, "आन् ही बाई इथवर वर आली." थोड्या वेळाने म्हणाली, "जरा लौकर आली असती तर."

मग खरसुंडी, भिवघाट, विटा. आम्हाला दीड तास पुरला. आजीच्या घरच्यांना तिथवर अडीच दिवस लागले होते. ते साल कोणते हे तिला सांगता येत नाही. पत्री सरकारची माणसे रात्री वस्तीला यायची ते दिवस, असे ती म्हणते. म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा काळ, १९४३ ते १९४६ मधले एखादे वर्ष. आजी आठ-नऊ वर्षांची. बैल आधीच विकलेले. बाप पुढे, त्याच्या डोक्यावर तवा, काटवट आणि वाकळांचे बोचके. आईच्या काखेत तान्ही बहीण, आजीच्या एका हातात धाकट्या भावाचे बोट आणि दुसऱ्या हातात शेळीची दोरी. खरसुंडीला सिद्धनाथाच्या देवळात मुक्काम झाला. पुजाऱ्याने नारळाचे तुकडे दिले. आईने त्यातले दोन बांधून ठेवले, भावासाठी.

"काय खायचात तुम्ही वाटेत?" मुलीने विचारले.

"हुलग्याचं माडगं. हुलगं भाजायचं, दळायचं, पान्यात मीठ घालून शिजवायचं. लई जण असलं तर पानी जास्त."

हे वाक्य आम्ही फराळाच्या ताटावर शंभरदा ऐकले होते आणि शंभरदा हसलो होतो.

"पर आमी गरीब न्हवतो हां," आजी पुढे म्हणाली. "गरीब ते वेशीभायेर हुते. आमच्या हिरीला पानी आटलं तवा आमी निघालो. त्यास्नी तर भरली हिरसुदिक आमची नव्हती. आई माजी शिळं त्यांच्या पदरात वरनं टाकायची, हात लागू न देता. मला तवा काय वाटायचं न्हाई. आता वाटतं." हे मात्र तिने ह्याआधी कधी सांगितले नव्हते.

विट्याहून कुंडलकडे वळलो. किर्लोस्करवाडी आली. १९१० साली माळावर वसलेले हे कारखान्याचे गाव. आजीने इथे पहिल्यांदा आगगाडी पाहिली. रात्री कारखान्याचे दिवे दिसले तेव्हा तिला वाटले होते की इथे रोजच दिवाळी असते. लोखंडी नांगरांचा हा गाव मराठी घरांना आणखी एका गोष्टीसाठी ठाऊक आहे. 'किर्लोस्कर' मासिक इथलेच, आणि १९३० साली सुरू झालेले 'स्त्री' मासिकही. बाईने शिकावे, लिहावे, स्वतःच्या पायांवर उभे राहावे हे सांगणारे अंक ज्या छापखान्यातून बाहेर पडत होते, त्याच्या जवळून एक मुलगी शेळीची दोरी धरून चालली होती. तिला ते ठाऊक नव्हते आणि त्यांना ती. कुणाचा दोष नाही. पण त्या जागेवरून जाताना ते माझ्या मनात आल्याशिवाय राहिले नाही.

भिलवडीला कृष्णा भेटली. चौथा दिवस. इथल्या एका मळ्यात त्यांना काम मिळाले. शेंगा उपटायच्या, शाळू काढायचा, हळद खणायची. मजुरी धान्यात. आजीला आजही पैशांचे हिशेब धड लागत नाहीत. पण कुठल्या कामाला किती शेर मिळाले आणि मालकीणबाईने माप कसे शिगोशीग भरून दिले हे ती काल घडल्यासारखे सांगते. आई एकच गोष्ट पोरांना बजावायची. "आपुन जगाय आलोय, मागाय न्हाई."

घाटाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही भाकऱ्या खाल्ल्या. संध्याकाळी सांगली गाठली. आयर्विन पूल आजीने ओळखला. १९२९ साली बांधलेला हा पूल आज सांगलीकरांचे पाणी मोजण्याचे माप झाला आहे. पावसाळ्यात सारे शहर 'पुलाखाली किती फूट?' हेच विचारत असते. २०१९ च्या पुरात निम्मे शहर पाण्यात गेले होते. जिथे पाण्यासाठी माणसे चालत आली तिथे पाण्यापासून माणसे पळाली.

सकाळी हरिपूरला गेलो. नाटकाच्या रसिकांना हरिपूर 'संगीत शारदा'कार देवलांचे गाव म्हणून ठाऊक. व्यापाऱ्यांना ते हळदीच्या पेवांचे म्हणून. इथल्या मातीचा गुण असा की जमिनीत खोल खड्डा खणला तरी ओल येत नाही. अशा पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकते, किडत नाही. तोंड अरुंद, पोट मोठे. आत पाला आणि चटया लावायच्या, हळद भरायची, वरून माती लिंपून टाकायची. २००५ च्या पुराने पुष्कळ पेवे बुडाली, उरलेल्यांची जागा आता गोदामांनी आणि शीतगृहांनी घेतली आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पेवे मात्र दाखवायला कुणी म्हातारा माणूस शोधावा लागतो.

मळ्यातले काम संपल्यावर आजीचा बाप ह्या पेवांवर कामाला लागला होता. भरलेले पेव उघडले की आतली हवा कोंडलेली असते, माणूस उतरला तर गुदमरतो. म्हणून आधी तोंड उघडे ठेवायचे, मग कंदील सोडून बघायचा. कंदील विझला तर थांबायचे. जळत राहिला तर दोर कमरेला बांधून माणूस आत. तो माणूस म्हणजे आजीचा बाप. संध्याकाळी तो पालावर येई तो डोक्यापासून पायापर्यंत पिवळा होऊन.

"आमी पोरं टाळ्या पिटायचो," आजी म्हणाली. "'दादा नवरदेव झाला, दादा नवरदेव झाला!' आई त्याला कापडावर हुबा करायची आन् धोतर झटकायची. जी हळद पडंल ती डब्यात. गावाकडं वरीसभर पुरली."

ही पिवळ्या नवरदेवाची गोष्ट आमच्या घरात सर्वांत लाडकी. पण तिचा शेवट आम्ही प्रथमच ऐकला. "आई हसायची न्हाई. तिन्हीसांजंला रस्त्याकडं बघत बसायची. दादा पिवळा दिसला की मगच चूल पेटवायची. मला म्हनायची, कंदील इझला न्हाई आज."

संगमेश्वराच्या देवळामागे कृष्णा आणि वारणा एक होतात. आम्ही तिथे बसलो. मुलीच्या मनात अजून शाळेचेच घोळत होते. ती म्हणाली, "मोठी आजी, पण तुला वाचता येतं. काल तू सगळं वाचलंस. दोन वर्षांत एवढं येतं?"

आजी काही वेळ पाण्याकडे पाहत राहिली.

"पाटी हुती माजी," ती म्हणाली. "बोचक्यात घालून आनली हुती, वाकळंत गुंडाळून, फुटू नये म्हनून. भिलवडीला बाभळीखाली बसून लिवायची. मालकाची लेक शाळंत जायची. ती मला लेखनीचं तुकडं द्यायची आन् पुस्तक दाखवायची. तिच्या पुस्तकातलं समदं मी पाटीवर लिवून काढलं. धा म्हैने."

"मग परत गेल्यावर शाळेत का नाही गेलीस?"

"पाऊस पडला, गावी गेलो. मास्तर घरी आलं. म्हनलं, दोघांस्नी पाठवा. दादा तयार हुता. पर पाटी एकच. दुसरी घ्यायची म्हंजी चार-पाच आनं. तेवढं न्हवतं आसं न्हाई. पर तेवढ्यात बेनं आलं असतं. दादा आमच्याकडं बघत हुता, कुनाला पाठवू. त्याला सांगता येईना. मग म्याच म्हनलं, मला न्हाई आवडत शाळा."

वारणेचे पाणी गढूळ होते, कृष्णेचे जरा निवळ. बऱ्याच अंतरापर्यंत दोन्ही पाणी शेजारी शेजारी वाहते, मग एक होते.

आजीचा तो भाऊ पुढे साताऱ्याला आला, रयतच्या वसतिगृहात राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले येथे सुरू केलेली ही संस्था १९२४ साली साताऱ्याला आली. तिथे सगळ्या जातींची गरीब मुले एकत्र राहत, स्वतः राबत आणि शिकत. वेशीबाहेरच्या मुलाशेजारी बसून जेवलो, हे त्याने सुट्टीत येऊन सांगितले तेव्हा घरात दोन दिवस कोणी त्याच्याशी बोलले नाही. मग आई बोलली. तो प्राथमिक शिक्षक झाला आणि त्याने तीस वर्षे मुले शिकवली. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई, ज्यांनी वसतिगृहातल्या मुलांसाठी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिले, त्यांची गोष्ट तो नेहमी सांगायचा, आणि आजी ती डोळे मिटून ऐकायची. आता तो नाही.

"त्यांना माहीत होतं?" मी विचारले. "पाटीचं?"

"न्हाई. सांगितलं असतं तर त्यानं पाटी घेतली नसती."

परतताना आजी गाडीत झोपली. कराड आले, गेले. कृष्णा-कोयनेच्या संगमावर दिवे लागले होते. मी मनात हिशेब करत होतो. आमच्या घरात आज दोन पदवीधर, एक इंजिनिअर. आजीच्या भावाच्या घरात तीन शिक्षक. त्याने शिकवलेली मुले किती, त्यांची मुले किती. आणि हे सगळे चार-पाच आण्यांच्या एका पाटीवरून. आजीचे काय, हा रकाना मला भरता येईना. आम्ही तिच्या गोष्टींना इतकी वर्षे हसलो ह्याची मला लाज वाटली. पण तीही हसतच होती, आणि ते हसणे खोटे नव्हते, हेही खरे.

घरी आल्यावर मुलीने वाढदिवसांची वही काढली. १ जानेवारी कार्डवाल्याचा, १ जून गुरुजींचा. दोन्ही तिला पसंत नव्हते. शेवटी तिने आजीलाच विचारले. आजी म्हणाली, "पाऊस पडत हुता एवढं खरं." तेव्हा तिने मोठ्या आजीच्या पानावर लिहिले, 'पहिला पाऊस पडेल तो दिवस'. यंदाचा पाऊस होऊन गेला आहे. आता पुढल्या मृगाची वाट पाहायची.

ती नक्कल आजीने आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे. परवा तिने दिवाळीच्या सामानाची यादी करायला घेतली तेव्हा नेहमीप्रमाणे मी कागद-पेन घेऊन बसलो. "दे हिकडं," ती म्हणाली आणि मुलीच्या शेजारी बसून स्वतः लिहू लागली. गूळ, खोबरे, रवा, पणत्या. अक्षरे मोठी मोठी, पाटीवर काढतात तशी. एक ओळ लिहायला तिला बराच वेळ लागत होता. आम्हाला कुणालाच घाई नव्हती.